पागोचा शनिवार

बेटावरच्या लोतोफागा गावच्या शाळेत कारकून असलेल्या मोएलागीला गावात एकाच गोष्टीचा मान होता. लग्नाची ई-मेलं तिनंच लिहायची. मांडववाला असो, बँडवाला असो, आधी समोरच्याच्या गावाचा मान, मग घराण्याचे किताब म्हणजे मानाच्या पदव्या, मग पाद्री, मग देव, आणि पार तळाला दोन ओळी कामाच्या. भावजय पोतो म्हणायची, "वन्सं, तुमचं मेल म्हंजी आयतवारचं प्रवचन. खुर्च्यांचा आकडा येईस्तवर माणूस घोरायला लागतंय."

"मान न देता मागायला खुर्च्या काय बाजारातल्या मासळ्या हायेत?"

भाची सुइयाचं लग्न शनिवारी. केक मोएलागीच्या गळ्यात. आमच्याकडं केक तोंड गोड करायला नसतो. एक थर पाद्र्याला, एकेक थर पाहुण्या गावच्या प्रमुखांना जातो. थर पोचला नाही तर नाक जातं, आणि गेलेल्या नाकाची गोष्ट नातवंडांपर्यंत पुरते. केक करणार होती शेजारच्या बेटावरची, पागोची फेतुआओ. 'शनिवारी सकाळी हवेत,' असं मोएलागीनं तळाला लिहिलं. 'शनिवारच्या पहिल्या विमानानं चढवते,' असं उत्तर आलं. बाई निर्धास्त झाली.

शुक्रवारी बायका अळकुड्या सोलत बसल्या होत्या, तेवढ्यात पागोचा पेसेता मामा बोचकं घेऊन उतरला. "निघालो तवा बेस्तरवार हुता, उतरलो तर शुक्रवार! आख्खा दिस गिळला त्या इमानानं."

सगळ्या हसल्या. मोएलागीच्या हातातली अळकुडी घरंगळली.

दोन बेटांच्या मधे तारीख बदलणारी रेघ. इथं शनिवार, तेव्हा पागोत शुक्रवार. तिथून शनिवारी चढलेला केक इथं उतरणार रविवारी, नवरी नांदायला गेल्यावर. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. पण किताबात चूक होऊ नये म्हणून तिनं मेल पुन्हापुन्हा तपासलं होतं. वार तपासायचा राहिला.

फेतुआओचा फोन वाजून वाजून गप्प झाला. "ती कशाची उचलतीया," मामा म्हणाला, "तिचं समदं मेलवर."

मोएलागीनं लॅपटॉप उघडला. 'केक उद्याच. तुमच्या शुक्रवारी. मोएलागी.'

थोरला भाऊ, घराण्याचा किताब धारण करणारा, मागून बघत होता. "एवढंच? ना मान, ना पान?"

"दादा, मान मागनं देते. आधी नाक वाचू दे."

उत्तर येईना. पडवीत पाद्र्याची बायको येऊन बसली. थरांची चौकशी सुरू झाली. एकदाचं मेल आलं. भाऊ म्हणाला, "मोठ्यानं वाच."

'लोतोफागाच्या थोर बैठकीला वंदन...' तिनं सुरुवात केली. पडवीतल्या माना झुकल्या.

"आवं, तळाला जावा की!" पोतो करवादली.

"गप," भावानं दटावलं. "किताब मधी तोडायचा न्हाई."

ती वाचत राहिली. घराणी आली, पूर्वज आले, पाद्री आला. नजर खाली पळू बघत होती. देव आला आणि संपला.

'केक भाजून झालेत. साखरेची फुलं राहिली. उद्या, माझ्या शुक्रवारी, तसेच पांढरे चढवते. आणि बाई, पुढच्या वेळी वार वरती लिहा.'

पोतोनं परडी उचलली. "उठा वन्सं, चाफा तोडू. केकावर तोच खोवू."

"तू हो म्होरं." मोएलागी आभाराचं मेल लिहायला बसली. पहिली ओळ टाकली: 'तुमचा शुक्रवार, आमचा शनिवार.' मग ऐसपैस मांडी घातली आणि पागोचे किताब सुरू केले.