आत्याच्या नावातला स्वल्पविराम

लग्नातल्या हळदीच्या गाण्यांवर मी पीएच.डी. केली. त्यातली बहुतेक गाणी केदारखेड्याच्या माझ्या आत्यानं दिलेली. नवऱ्यानं दुसरी करून आणली, तशी आत्या माहेरी निघून आली ती आलीच. तेव्हापासून ती नुसतं नाव सांगते. कुणी आडनाव विचारलंच तर म्हणते, "तेवढ्यावर भागवा." गावात तिचं भागतंही.

प्रबंधाची संदर्भसूची मी सॉफ्टवेअरवर केली. माहिती भरली की आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नावाचं पहिलं अक्षर अन् टिंब, सगळं आपोआप. मला केवढं कौतुक त्याचं! पण आत्याच्या आडनावाची चौकट रिकामी, त्यामुळं ओळीच्या सुरुवातीलाच स्वल्पविराम लटकायला लागला. माझ्या गाईडनी त्याला लाल गोल केला. "मॅडम, तेवढं बराबर करून घ्या." मी पुसायची, सॉफ्टवेअर परत टाकायचं. प्रबंध जमा करायची घाई, त्यात ही कटकट! शेवटी वैतागून त्या चौकटीत आत्याच्या नवऱ्याचं आडनाव घातलं. स्वल्पविराम मुकाट जागेवर बसला अन् मला हायसं वाटलं.

एकच नाव लावणाऱ्यांसाठी तिथंच शेजारी बटण असतं, हे मागाहून कळलं. पण बटणाचं कशाला सांगू? बाईचं नाव अपुरं दिसलं की नवऱ्याचं जोडून पुरं करायचं, ही आपल्याकडची सवयच. एवढी शिकलेली मी, माझाही हात तिकडंच गेला.

डिग्री मिळाल्यावर बाइंडिंग केलेला प्रबंध घेऊन मी अंबडहून मोठ्या तोऱ्यात केदारखेड्याला गेल्ते. शेजारणी जमल्या. आत्या पदर सावरून बसली. "माझं नाव कुठंय? वाच की मोठ्यानं."

मी पान काढलं अन् वाचायला लागले. पहिलाच शब्द त्या माणसाचं आडनाव! तोंडातून बाहेर पडलं तेव्हा कुठं कळलं, मी काय करून ठेवलंय. पुढं स्वल्पविराम, अन् मग आत्याच्या नावाचं एक अक्षर. बस्स. त्याचं आख्खं अन् तिचं एवढंसं. शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी प्रबंध मिटला.

"आत्या, चुकलं गं माझं," मी कसंबसं म्हणाले. "आता बदलता येत न्हाई."

"असू दे. चहा ठेवते," म्हणत ती उठली.

तिनं माझ्या हातात कप दिला, तेवढ्यात शेतातून परतलेली एक बाई दारातूनच ओरडली, "काय वं, आलं का तुमचं नाव पुस्तकात?"

मी मान खाली घातली. वाटलं, आत्या आत्ता सगळं सांगते.

"न्हाई," आत्या म्हणाली. "पण आमच्या पोरीला डिग्री भेटली."