माझे सासरे आणि साठ रोपं

माझ्या सासऱ्यांइतकं कचऱ्याकडे प्रेमाने बघणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. लोक लग्नात नवरा-नवरीकडे बघतात, हे मांडवाला बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्यांकडे बघायचे आणि मांडव कधी उतरणार याची हळूच चौकशी करून ठेवायचे. माझ्या स्वतःच्या लग्नातही त्यांनी हेच केलं. वऱ्हाड निघायच्या वेळी नवरीचा बाप सापडेना. शोधाशोध झाली, तर गृहस्थ मांडवामागे पळसाच्या उष्ट्या पत्रावळींचा ढीग लावत बसलेले. मला बघून ओशाळले. डोळे पुसत म्हणाले, "रडू यायलं होतं जावईबापू, म्हनून इकडं आलो. अन् आलो तं हे समदं पडलेलं दिसलं."

चाकूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं ड्रेसर म्हणून काढली होती. जखमा धुवायच्या, औषध लावायचं, पट्टी बांधायची. गाव त्यांना डाक्टरसाब म्हणायचं आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. या नोकरीतून एकच तत्त्वज्ञान घेऊन ते बाहेर पडले होते : उघडं ठेवलं की चिघळतं. हा नियम ते जखमेला लावत, दुधाच्या पातेल्याला लावत, बाळाच्या टाळूला लावत आणि सगळ्यात जास्त लावत ते जमिनीला. घरामागे त्यांची अर्ध्या गुंठ्याची बाग होती. चार ओळी वांगी, दोन ओळी मिरच्या, एक लिंबू. त्या बागेत माती म्हणून कुठे दिसायची नाही. सगळीकडे पाल्याचं जाड पांघरूण. पाहुण्याला वाटायचं, झाडलोट राहिली आहे. एका भाबड्या शेजारणीने एकदा पुण्य म्हणून ती अख्खी बाग झाडून काढली. हे दोन दिवस जेवले नाहीत.

पण ते पांघरूण म्हणजे नुसता टाकलेला कचरा नव्हता. त्याची रीत होती आणि ती रीत ते आल्यागेल्याला सांगत. आधी उगवलेलं तण विळ्याने जमिनीलगत कापायचं, उपटत बसायचं नाही. मग पाणी शिंपडायचं. त्यावर भिजवलेल्या कागदाचा नाहीतर फाटक्या बारदानाचा थर, फट न ठेवता. त्यावर तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, बारीक तुकडे, त्यावर वाळका पाला, आणि शेवटी शेणाचं पातळ पाणी. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी. "गळ्याला पट्टी आवळली तं पेशंट मरंल का न्हाई? तसंच हाय." शेजारपाजारचे लोक आठ-आठ दिवसाला खुरपण करून कंबर मोडून घ्यायचे, यांच्या बागेत तण डोकं वर काढत नसे. "ऊनच दिसंना तं ते कशाला उगवंल? अंधारात तुम्ही तरी उठताव का?" असं ते मला विचारत. मी उशिरा उठणारा जावई होतो, त्यामुळे हा प्रश्न तणाबद्दल होता की माझ्याबद्दल, हे मला कधीच नीट कळलं नाही.

वर्षभराने ते पांघरूण खालून कुजून काळंभोर, भुसभुशीत होई. पाहुणा आला की चहाच्या आधी एका बशीत ते घेऊन येत आणि वास घ्यायला लावत. माझी आई बिलोलीहून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा अशीच बशी पुढे आली. आईला वाटलं मिश्री आहे. तिने चिमूट उचलली आणि दाताला लावली. सासरे कौतुकाने बघत राहिले आणि म्हणाले, "चांगली हाय ना?" आईने त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.

त्यांचा आणखी एक कडक नियम होता. जनावराच्या तोंडचं मातीला घालायचं नाही. कडबा, भुसकट, चुनी यांना ते हात लावत नसत. जे कुणीच खात नाही, ज्याला कुणीच विचारत नाही, तेवढंच त्यांचं.

लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता आणि मी तिथल्या एका नव्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. सगळंच नवं. खुर्च्या कमी, माणसं जास्त, आणि फॉर्मांचे गठ्ठेच्या गठ्ठे असे आलेले की त्यांच्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं. वापरता येत नाहीत, टाकताही येत नाहीत. गावाबाहेर मुरमाड जागेवर आमची नवी इमारत उभी राहिली. उद्घाटनाला पुढारी-अधिकारी मंडळी आली आणि प्रत्येकाच्या हस्ते एकेक असं करत साठ रोपं लावली गेली. कडुनिंब, करंज, गुलमोहर. प्रत्येक रोपापुढे पत्र्याची पाटी आणि तिच्यावर लावणाऱ्याचं पद. रोपांची जबाबदारी साहेबांनी माझ्यावर टाकली. का, तर मी बिलोलीचा, म्हणजे शेतीतला असणार. माझे वडील शाळेत मास्तर होते आणि मला कोथिंबीर आणि गाजर गवत यातला फरक फक्त वासावरूनच कळायचा, हे सांगायची सोय नव्हती. नोकरी अजून कायम व्हायची होती.

त्याच साली पाऊस रुसला. हिवाळ्यातच विहिरी तळाला गेल्या. ऑफिसला टँकरचं पाणी येई ते एका पिपापुरतं, आणि ते माणसांना पुरत नसे. रोपं माना टाकू लागली. पाट्यांमुळे आम्ही रोपांना पदांवरूनच ओळखायचो, त्यामुळे शिपाई रोज सकाळी येऊन गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "सभापती गेले." किंवा "आमदारांचं काही खरं नाही, पिवळे पडलेत." उन्हाळ्यात वरच्या साहेबांची तपासणी ठरली होती. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "हे बघा, ज्यांनी झाडं लावलीत तेच लोक येणार आहेत. त्यांना काय वाळक्या काड्या दाखवायच्या? तुमचं कायम व्हायचं प्रकरण माझ्याच टेबलावर आहे, एवढं लक्षात ठेवा."

घरी मी हे बोललो नाही. बायकोला सातवा महिना होता. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासूबाई आधीच गेलेल्या आणि चाकूरला पाण्याचे हाल, म्हणून सासरेच लातूरला येऊन राहिले होते. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या पिढीतला माणूस, पण आल्या दिवसापासून दोन घागरी घेऊन नळाच्या रांगेत उभा राहिला. सकाळी बुद्धवंदना, मग पाणी, मग माझी जुनी सायकल घेऊन गावभर फेरी. लाकडाच्या वखारीतून भुसा, धान्याच्या आडतीतून फाटकं बारदान, रस्त्याकडेचा करंजाचा पाला. आमच्या दोन खोल्यांच्या घराला जमीन अशी नव्हतीच, म्हणून सगळं गच्चीवर साठत गेलं. घरमालक विचारू लागले, तेव्हा यांनी सांगितलं, "आवशीद हाय. पेशंट सापडला की उचलतो."

पेशंट त्यांना शिपायाकडून कळला. नळाच्या रांगेत दोघांची गाठ पडली आणि आमदार-सभापतींची सगळी हकीगत बाहेर आली. मला न विचारता ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर. मी साहेबांबरोबर व्हरांड्यात उभा होतो. फाटकातून सायकल आली. कॅरियरला दोन पोती, हँडलला एक, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंगभर, मिशीतसुद्धा लाकडाचा भुसा.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"ओळखीचे आहेत, सर," मी म्हणालो. "चाकूरकडचे."

सासरे पाच पावलांवर पोत्याची सुतळी सोडत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

साहेब पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेले. सासऱ्यांनी त्यांना एकेका रोपाकडे नेऊन, नाडी बघितल्यासारखं करून, कोण वाचेल आणि कोण नाही ते सांगितलं. मग म्हणाले, "पानी लई नको साहेब. तुम्ही हात धुताव, गिलास इसळताव, तेवढं साठवा. चार दिवसांतून दोन-दोन लोटे बास. पर जमीन झाकली पाहिजे. मला कागद लागंल, बक्कळ."

साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं, आणि माझं स्टोअरच्या खोलीकडे. फॉर्मांचे गठ्ठे छताला टेकले होते. सासऱ्यांनी दारातून डोकावून वरचा एक फॉर्म उचलला, नाव वाचलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "मंग जुना जिल्हा गाडून टाकू का, साहेब?"

साहेबांना हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी गठ्ठे बाद ठरवायचा कागद तिथेच काढायला लावला. जाताना विचारलं, "तुमचं नाव काय? यांचे कोण तुम्ही?"

सासरे सायकलकडे वळले होते. म्हणाले, "मी का? मी ह्यांच्या वळखीचा."

पुढचे पंधरा दिवस ते रोज येत. फॉर्म पिपातल्या खरकट्या पाण्यात भिजवायचे आणि एकावर एक दहा-बारा थर लावायचे. 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' आणि 'येथे सही करावी' यांच्यावर भुसा, तुराट्या, पाला चढत जायचा. फुलायच्या आधी कापलेलं गाजर गवतही त्यांनी वापरलं. एकदा बाजूच्या वस्तीतल्या बाईची शेळी आत शिरून पाला हुंगू लागली, तेव्हा काम थांबवून त्यांनी तिला पोटभर खाऊ दिलं आणि उरलेला पाला अंथरला. मी दुपारी त्यांच्यासाठी चहा घेऊन जायचो. ते बशीत ओतून प्यायचे, "साखर जरा कमी हाय," म्हणायचे, आणि पुन्हा पाल्याकडे वळायचे. मी रिकामी कपबशी घेऊन परत यायचो. घरी ते पूर्वीसारखेच हसतखेळत होते, त्यामुळे तर जास्तच अवघड व्हायचं.

शेवटी एका सकाळी ते फाटकातून आत आले तेव्हा मी व्हरांड्यातून उतरलो, सायकल त्यांच्या हातातून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सर, हे माझे सासरे." आवाज जरा जास्तच मोठा निघाला. टायपिस्ट बाईंचं मशीन थांबलं. साहेब म्हणाले, "अहो, मग आतापर्यंत सांगितलं का नाही?" मी सायकल भिंतीला लावली आणि पोतं उचललं. रोपांपाशी गेल्यावर मी खाली मान घालून म्हणालो, "मामा, त्या दिवशी माझं चुकलं."

"आइकलं होतं मी," ते म्हणाले. पाला पसरत असलेले हात थांबले नाहीत. "उगं मनाला लावून घेऊ नका. तुमची नौकरी नवी, अन् माझं धोतर लई मळकं होतं. माझा बाप दवाखान्यात मला भेटायला आला तवा मी बी त्याला न्हाई वळखत म्हनलो होतो. त्याला सांगायचं राह्यलं ते राह्यलंच. तुम्ही पंधरा दिवसांत सांगितलं. लवकर सांगितलं."

साठातली एकावन्न रोपं जगली. आमदार वाचले, सभापती मात्र गेले ते गेलेच. तपासणीच्या दिवशी आजूबाजूचं सगळं माळरान करपलेलं आणि आमच्या आवारात कडुनिंबाला कोवळी लाल पालवी, हे बघून वरचे साहेब खूश झाले. कौतुकाचं पत्र आलं ते अर्थातच माझ्या नावाने. मी कायम झालो. त्या दिवशी मी ते पत्र सासऱ्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणालो, "मामा, हे तुमचं आहे." त्यांनी ते दोन बोटांत धरून चोळून पाहिलं. म्हणाले, "कागद चांगला जाड हाय. लई दिवस टिकंल." आणि जरा थांबून, आशेने, "तुम्हाला पाहिजेलच हाय का हे?"

त्याच महिन्यात आमची मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात नातीचं तोंड बघायच्या आधी त्यांनी वॉर्डातल्या तीन अनोळखी बायकांच्या पट्ट्या तपासल्या आणि नर्सला बोलणी ऐकवली. बाळाला सव्वा महिना झाल्यावर ते चाकूरला गेले. आम्ही कितीही आग्रह केला तरी राहिले नाहीत. "माझी वांगी उघडी पडली असतील," म्हणाले.

पुढे माझी बदली नांदेडला झाली, मग आणखी कुठे कुठे. चाकूरला जाणं कमी होत गेलं. त्यांच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघं गेलो तेव्हा ते खूप वाळले होते. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि उजवा हात जवळजवळ निकामी झाला होता. तरी मला बागेत घेऊन गेले. लिंबाखाली बसले, डावा हात पाल्याखाली घातला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "मला आता बोटाला कळंना झालंय. तुम्ही हात घाला, जावईबापू. ओल हाय का?"

मी हात घातला. वरचा पाला दोन बोटं सुद्धा उरला नव्हता. घालायला कुणी नव्हतं. खालची माती तापलेली, कोरडी ठणठणीत होती.

"आहे, मामा," मी म्हणालो. "लई ओल हाय."

"मंग बरं," ते म्हणाले. चेहरा असा निवला की मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी सकाळी सातला होती. पहाटे ते झोपेत असताना मी आणि बायकोने शाळेमागच्या पिंपळाखालचा पाला गोळा करायला सुरुवात केली. चार पोती झाली. साडीचा पदर खोचून तिने पाणी आणलं, मी थर लावले. हात मातीने भरले होते आणि उठायचं मन होत नव्हतं. बायकोच म्हणाली, "आबा जागे व्हायच्या आत आवरा." तेवढ्यात सातची गाडी स्टँडवर लागल्याचा भोंगा ऐकू आला, आणि आम्ही ती तशीच जाऊ दिली.