साध्या मराठीतली हरकत

धायरीच्या शाळेतल्या हॉलमध्ये रस्तारुंदीची सुनावणी होती. भिंतीवर नकाशा लावून एक तरुण अधिकारी बोलत होते आणि आम्ही पन्नासेक रहिवासी माना डोलावत होतो. तीस वर्षं मराठी शिकवलेला मीसुद्धा.

पहिल्या रांगेत नऊवारीतल्या एक बाई होत्या. अवघड शब्द आला की एसटी थांबवावी तसा त्या हात करायच्या. "सायेब, 'संरेखन' म्हंजी काय?" मी नकाशा सोडून त्यांच्याकडेच बघू लागलो. थोड्या वेळाने पुन्हा हात. "आन् 'बाधित मिळकती' म्हंजी?"

अधिकारी वैतागले. "मावशी, प्रश्न शेवटी विचारा."

"शेवटी तुमी जानार, सायेब. आमाला हितंच ऱ्हायचंय."

ते भिंतीकडे वळले. मग नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "रस्ता इथून जाईल. देवळामागची घरं अर्धी पाडावी लागतील." हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. त्यातली काही घरं माना डोलावणाऱ्यांचीच होती.

हरकत लेखी द्यायची होती. बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. मी सवयीने सुरुवात केली, 'उपरोक्त विषयास अनुसरून'. त्यांनी ते वाचून दाखवायला लावलं.

"हे सायबावानीच झालं. माझं लिवा. घर पाडू नका, रस्ता पल्याडच्या मोकळ्या जागेतनं न्या."

मी तेवढंच लिहिलं. खाली त्यांनी सही केली. नाव मला वाचता आलं नाही.

बाकीचे अर्ज अधिकाऱ्यांनी फायलीत सरकवले. बाईंचा मात्र त्यांनी उभ्याउभ्या वाचला आणि गुंडाळलेला नकाशा पुन्हा उघडला.