थोरला, धाकटा आणि फरशीचा टवका

आण्णा पाटील गेल्याचं कळलं तेव्हा मी दूधकट्ट्यावर होतो. हातात धारोष्ण दुधाचा पेला, ओठाला फेस, आणि संजूचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन. "काका, आण्णा गेले. पहाटे, झोपेतच." मी "येतो" म्हणालो. अशा वेळी मनात जे यायला हवं असं सगळे म्हणतात, त्यातलं काहीही आलं नाही. आलं ते एवढंच, की हा माणूस परवा आपल्याशी वादात हरला... आणि तो खरंच हरला का, हे आता विचारायचं कुणाला?

वाद हॉकीचा होता. शिवाजी पेठेत राहून हॉकीवर प्रेम करणं म्हणजे तांबड्या रश्श्याच्या पंगतीत ताक मागण्यासारखं आहे. इथं पोरगं चालायला लागलं की पहिली लाथ फुटबॉलला मारतं. आण्णा मात्र जिल्ह्याच्या हॉकी संघात लेफ्ट हाफला खेळलेले, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत शाळेत क्रीडाशिक्षक. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. वेगवेगळ्या काळातल्या माणसांना एका रांगेत उभं करून उंची मोजू नये, असं मी दिवसभर वर्गात सांगायचो आणि संध्याकाळी आण्णांच्या बैठकीत बसून नेमकं तेच करायचो. चाळीस वर्षं.

आमचे खेळाडू दोन. दोघेही सेंटर फॉरवर्ड. एक गवताच्या मैदानावरचा, तुतीच्या लाकडाच्या स्टिकनं खेळलेला. दुसरा कृत्रिम टर्फवरचा, पाणी मारलेल्या हिरव्या गालिच्यावर फायबरची स्टिक घेऊन पळणारा. खरी नावं लिहीत नाही, कारण लिहिली की तिसऱ्याच कुणाच्या तरी बाजूनं पत्रं येतात. आम्हीही नावं कधीच सोडून दिली होती. आण्णांचा तो थोरला आणि माझा तो धाकटा. थोरल्याला आण्णांनी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. ते शाळेत असताना गावात कसलासा प्रदर्शनी सामना झाला, तेव्हा. थोरला तोवर निवृत्त झालेला, पोट सुटलेलं, आणि तो खेळला फक्त अर्धा सामना. त्यात एकदा चेंडू खड्याला लागून गुडघ्याएवढा उडाला आणि त्यानं तो हवेतच स्टिकवर असा घेतला, की जणू कुणी ताटात भाकरी वाढली. आण्णांचा सगळा धर्म त्या एका क्षणावर उभा होता.

"खड्यानं उडवला, नशिबानं स्टिकवर बसला," मी म्हणायचो.

"चेंडू कुणाच्या बी स्टिकवर बसत न्हाय, प्रोफेसर. माणूस बघून बसतो."

"आजच्या टर्फवर आणा की तुमच्या थोरल्याला. आठ-दहा मिनिटांत धाप लागंल. पोरं बदली होऊन आत-बाहेर करत्यात, श्वास घ्यायला कुणी थांबत न्हाई."

"आणि तुझ्या धाकट्याला आमच्या मैदानावर आण. ढेकळात पाय मुरगळून बसंल. म्हणंल, पाणी मारा, गालिचा आणा, आन् मग खेळतो. त्यो खेळाडू हाय का नवरदेव?"

आण्णांना माझं म्हणणं अजिबात पटलं नाही की ते हातातली जुनी स्टिक फरशीवर ठोकायचे. ठक. हरकत नोंदवली. शाळेत शिट्टी असायची, घरात स्टिक. खुर्चीच्या उजव्या पायाशी, नेमक्या त्या जागी, फरशीचा टवका उडाला होता. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, जीभ जड झाली, शब्द कमी झाले. पण उजवा हात शाबूत होता, म्हणून ठोकणं वाढलं. कधी कधी मी तोंड उघडायच्या आतच ठक.

शेवटच्या भेटीत मी नेहमीचं काहीतरी बोलत होतो. ऑफसाइडचा नियम गेल्यावर खेळ केवढा बदलला, वगैरे. स्टिक वाजली नाही. मी थांबलो. आण्णा खिडकीकडं बघत सावकाश म्हणाले, "खरं सांगू का, प्रोफेसर... धाकटाच थोर. थोरला आज टिकला नसता."

मी म्हणालो, "आण्णा, बरं वाटत न्हाई का तुम्हाला?"

"झाक वाटतंय की. तुझं समाधान झालं न्हवं?" आणि मग आतल्या दिशेनं, वहिनींना, "चहा टाक गं."

चाळीस वर्षं ज्यासाठी भांडलो ते मिळालं आणि मला एकदम फसवल्यासारखं वाटलं. घरी चालत आलो तर वाटेत दोनदा थांबलो. त्यांना खरंच पटलं होतं? की माझी कीव आली? की नुसता कंटाळा? उद्या जाऊन विचारू म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते, गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दूधकट्टा.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर बरीच गर्दी होती. आण्णांना आवडायचं ते सगळं नैवेद्यात मांडलेलं: भजी, पेढा, कपभर चहा. कावळा समोरच्या झाडावर बसला, खाली बघितलं, आणि आला नाही. मग अशा वेळी होतं ते सुरू झालं. म्हणजे मेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ते ज्यानं त्यानं ओळखायचं आणि मोठ्यानं वचन द्यायचं. संजू म्हणाला, "आण्णा, आईची काळजी करू नका." कावळा हलला नाही. नेसरीहून आलेला आण्णांचा भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या वाटणीचं रान हाय तसं ठेवतो." नाही. मग आमच्या भागातले एक पुढारी पुढं आले. आण्णांच्या श्रद्धांजलीचा फलक त्यांनीच चौकात लावला होता. त्यावर आण्णांच्या पायाशी फुटबॉल होता आणि खाली 'क्रीडामहर्षी' असं लिहिलं होतं. ते हात जोडून म्हणाले, "सर, वर्षाच्या आत गावाला हॉकीचं टर्फ देतो." कावळा दोन फांद्या वर गेला.

"प्रोफेसर, तुमी बोला की," मागून कुणीतरी म्हणालं. "तुमचंच काय तरी अडकलंय."

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण पन्नासेक माणसं तुमच्याकडं बघत असली की विश्वासाचा प्रश्न मागं पडतो. मी पुढं झालो. बोलायचं काय? "थोरलाच थोर" म्हणावं, तर मरणाआधी ते स्वतः उलट सांगून गेलेले. "धाकटा थोर" म्हणावं, तर ते त्यांच्या मनातलं होतं याची खात्री कुठाय? घसा खाकरून मी म्हणालो, "आण्णा, थोरलाच थोर." कावळा गप्प. जरा थांबून म्हणालो, "बरं... धाकटा." मागं कुणीतरी खुदकन हसलं. कावळा तसाच. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून नैवेद्याला शिववला, आणि आम्ही खाली मान घालून गाड्यांकडं निघालो. पायऱ्या चढताना मागं पाहिलं, तर तो खाली उतरून निवांत भजी खात होता. माझ्या कुठल्या वाक्याला ते उत्तर होतं, की आमची सगळ्यांची कटकट संपली म्हणून तो आला, मला अजून कळलेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी पाय आपोआप त्या घराकडं वळले. वहिनी एकट्याच होत्या. मी सरळ विचारलं, "वहिनी, आण्णांचं शेवटी मत काय होतं? थोरला की धाकटा?"

"मला काय इचारता, भावजी? दोघांचा चहा केला मी एवढी वर्षं. कोण कुणाच्या बाजूला, मला कदी कळलं न्हाय." कप पुसता पुसता म्हणाल्या, "एकदा मी म्हटलं त्यास्नी, मिटवा की एकदाचं. तर म्हटले, मिटवलं तर प्रोफेसर यायचा कशाला?"

"मग मिटवलं का?"

वहिनींनी पुसलेला कप पालथा घातला. "ते म्या कसं सांगू?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी आण्णांच्या रिकाम्या खुर्चीसमोर, माझ्या नेहमीच्या जागी बसून राहिलो. स्टिक भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, मुठीवरची पट्टी हाताच्या घामानं काळी झालेली. जाताना त्यांनी मला मोकळं केलं होतं, की माझ्यावर कुरघोडी केली होती? जिंकलेल्या माणसाला इतकं हरल्यासारखं वाटतं, हे मी कुठल्याही इतिहासात वाचलेलं नाही. बऱ्याच वेळानं मी खुर्चीकडं बघून म्हणालो, "न्हाई आण्णा. थोरला टिकला असता. आजबी टिकला असता."

काहीच वाजलं नाही.

मग मीच उठलो, स्टिक खिळ्यावरून काढली आणि त्या टवक्यावर एकदा ठोकली. ठक.

आतून वहिनींचा आवाज आला, "आलं घालू का चहात?"