श्रावणात सुरू केलेलं तेल

कुत्रा माझा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाचताना तुम्हालाही शंका येईल. सात वर्षांपूर्वी केरीच्या किनाऱ्यावरचे शॅक पावसासाठी उतरवले, तेव्हा मागे टाकलेल्या झावळ्यांच्या ढिगात हा एवढासा जीव कुंई कुंई करत होता. मी पदरात गुंडाळून घरी आणला, कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. नाव सांगत नाही. नावाने हाक मारली की हल्ली तो दोन दारांकडे बघतो, आणि ते बघितलं की माझं डोकं फिरतं.

दुसरं दार आमच्याच अंगणापलीकडचं. दोन खोल्या आहेत, त्या भाड्याने देतो. गेल्या उन्हाळ्यात तिथे पुण्याची एक मुलगी राहायला आली. तिशीतली, एकटी, दिवसभर लॅपटॉपसमोर. पोर चांगली होती, खोटं कशाला बोलू? सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला की मी तिच्यासाठीही चार उंडे घेऊन ठेवत असे. मला काकू म्हणायची. माझ्या कुत्र्याला मात्र ‘बाळा’ म्हणायची, आणि तेव्हापासूनच मला ती खुपायला लागली.

कुत्र्याचं पोट कायम बिघडलेलं. आठवड्यातून दोनदा तरी गवत खाऊन ओकायचा, पातळ व्हायचं, मग दिवसभर तुळशीमागे पोट जमिनीला टेकवून पडून राहायचा. पेडण्याच्या डॉक्टरांच्या पुड्या झाल्या, माझं ओव्याचं पाणी झालं. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. एकदा ती हे बघून अंगणात आली आणि म्हणाली, “काकू, एक तेल आहे. सीबीडी म्हणतात. भांगेच्या झाडापासून काढतात, पण त्याने नशा येत नाही. माझ्या मैत्रिणीच्या कुत्रीला डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं, तिचं पोट शांत झालं.”

“गो बाय, म्हणजे गांज्याचा त्याल?” मी म्हटलं.

ओट्यावर बसलेले आमचे यजमान हसून म्हणाले, “हंयसर येवन लोक इतकी वर्सां ह्यां ओढतत. कोणाचा प्वॉट सुदारलेला मी बघूक नाय.”

ती हसली, पण मागे हटली नाही. कुठल्याशा डॉक्टरला फोनवर कुत्रा दाखवला, त्याचं वजन सांगितलं, आणि आठवड्याभरात ड्रॉपर लावलेली काळी बाटली आली. रोज सकाळी चमचाभर उकडलेल्या दुधीवर चार थेंब. पहिल्या दिवशी कुत्र्याने नाक मुरडलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. पण चौथ्या दिवशी आठच्या ठोक्याला तो तिच्या पायरीवर शेपटी हलवत बसलेला! माझी पेज तशीच निवत पडली होती.

आणि काय सांगू, त्याचं पोट सुधारलं. ओकणं थांबलं. अंगावर तेज आलं. ती त्याचे फोटो काढून कुणाकुणाला पाठवायची. वाड्यावरच्या बायका आपापली कुत्री घेऊन तिच्या दारी येऊ लागल्या. देवळात एक जण मला म्हणाली, “तुमच्याकडच्या डाक्टरणीन बरो केलो मगो तेका.” मी नुसती मान हलवली. सात वर्षं त्याची घाण मी काढली, आणि चार थेंबांत डाक्टरीण ती झाली.

एके सकाळी मुगागाठीचं कालवण ढवळताना मात्र माझी ट्यूब पेटली. तेल सुरू झालं तो दिवस श्रावणातला पहिला. आमच्याकडे श्रावणापासून चवथीचा गणपती पोचवेपर्यंत घरात शिवराक असतं. मासे नाहीत, कांदा नाही, लसूण नाही. आम्ही जे खातो तेच उरलंसुरलं कुत्रा खातो. म्हणजे इतर वेळी हुमणाचा तिखट रस्सा, तळणीतले काटे, माशांची डोकी. आता महिनाभर त्याच्या पोटात भात, मूग आणि दुधी याखेरीज काही गेलंच नव्हतं. त्याला बरं केलं ते माझ्या शिवराक भांड्याने!

मी हात न पुसता तिच्याकडे गेले आणि सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. “असेल काकू, त्याचाही फायदा झाला असेल,” असं म्हणाली, अगदी समजूतदारपणे. तो ‘ही’ माझ्या जिव्हारी लागला.

खरं म्हणजे इथे मला आनंद व्हायला हवा होता. कुत्र्याला काय बाधतं ते कळलं होतं. त्याला पुढे कधी मासे घातले नसते की झालं असतं. पण मग तो ठणठणीतच राहिला असता, आणि तेलाचं नाव कायमचं झालं असतं. चवथ जवळ आली तशी मी हेच उगाळत राहिले. गणपती पोचवला, आणि तिसऱ्या दिवशी यजमानांनी चणक मासा आणला. चांगला मोठा. त्याचं मी हुमण केलं, तिरफळं घालून.

मनाची समजूत काढायला मी हुशार आहे. महिनाभर बिचाऱ्याने मासा बघितला नाही, म्हटलं. एका दिवसाने काय होतंय, म्हटलं. चणकाची अख्खी तकली, म्हणजे डोकं, रश्श्यासकट मी त्याच्या भांड्यात घातली. ती दुपारी खिडकी लावून फोनवर बोलत होती. कुत्रा आधी माझ्याकडे बघून नाचला, मग खाल्लं, मग माझे पाय चाटले. त्या क्षणी तो पुरता माझा होता. आणि पोट बिघडेल हे मला माहीत होतं. उद्या ती काय म्हणते ते बघायचं होतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या पायरीवर गेलाच नाही. तुळशीमागे पाठीची कमान करून उभा होता, बसता येईना. चारदा ओकला, नंतर नुसता फेस. ती धावत आली. त्याच्या पोटाला हात लावताच तो कळवळला. “काकू, गाडीत बसा,” एवढंच म्हणाली. मी मागच्या सीटवर त्याला मांडीवर घेतलं. शुक्रवार होता, म्हापशाच्या बाजारामुळे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मिरच्या आणि सुक्या माशांचा वास काचा लावूनही आत येत होता. गाडी चालवता चालवता ती रडत होती. “परवापासून मी दोन थेंब वाढवले होते. पावसाने गारठा वाढला म्हणून. मूर्ख आहे मी. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही.”

हेच मला ऐकायचं होतं. महिनाभर मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. आणि मांडीवर तो थरथरत होता.

म्हापशाच्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं. तिने थेंबांचं सगळं सांगितलं, बाटली दाखवली. ते म्हणाले, “तेल जास्त झालं तर पातळ होतं, झोप येते. तेवढंच असेल तर सलाईन देतो, संध्याकाळी घरी न्या. पण पोट असं कडक लागतंय. टणक काही खाल्लंय? हाडबिड? तसं असेल तर आधी एक्स-रे काढायला हवा, वेळ घालवता येणार नाही.”

“नाही,” ती म्हणाली. “मासे तर महिनाभर बंदच आहेत. हो ना काकू?”

  डॉक्टरांनी सलाईनची बाटली खुंटीला लावली, पुढच्या पायावरचे केस कापले, सुई हातात घेतली. तोवर मी गप्प होते. लाज वाटते, पण तोपर्यंतसुद्धा मी हिशेब करत होते की सलाईनने बरा झाला तर कुणाला काही कळणार नाही.

मग त्याने मान वळवून मला शोधलं.

“तकली घातलंय तेका,” मी म्हटलं. “चणकाची. काल दुपारी. हाडां सगळी खाल्ल्यान.”

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. ती माझ्याकडे बघत राहिली. “चुकून?” तिने विचारलं.

हो म्हणता आलं असतं. तिने तो शब्द माझ्या हातात आयता दिला होता. मी मान हलवली. नाही म्हणून.

एक्स-रेत हाड दिसलं, आतड्याच्या तोंडाशी अडकलेलं. ते काढावं लागलं. तो वाचला. तीन दिवस म्हापशाला ठेवला होता, आणि तिन्ही दिवस ती मला गाडीतून घेऊन गेली, घेऊन आली. वाटेत एक शब्द बोलली नाही. वाड्यावर कुणाला काही सांगितलंही नाही. आमच्या यजमानांनासुद्धा आजवर वाटतं की तकली त्याने टोपातून पळवली. तेल मात्र तिने बंद केलं. त्याचा खरंच गुण होता की नाही, ते आता कधीच कळायचं नाही.

ती अजून इथेच राहते, काकूच म्हणते. कुत्र्याचं दोन्ही वेळचं मीच करते. भात, मूग, दुधी, मीठसुद्धा नाही. मी अंगणात भांडं घेऊन आले की ती काम टाकून दारात येऊन उभी राहते.  भांड्यात काय आहे ते बघते आणि त्याचं खाऊन होईपर्यंत हलत नाही. मी ठेवण्याआधी भांडं तिच्या बाजूला जरासं कलतं करते, दिसावं म्हणून.

कुत्रा काही बघत नाही. मी घातलं की लगेच तोंड लावतो.