सकाळची बोहनी

लोकांच्या मोबाईलवर जाहिराती दाखवायच्या, हे माझं काम. घरात हे कोणालाच धड समजावता आलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, "तो कम्प्युटरमधी असते." लग्नात भेटलेला प्रत्येक जण खांद्यावर हात टाकून म्हणतो, "माझा एक व्हिडिओ व्हायरल करून दे ना बे." आणि दुकानदारांचं तर विचारूच नका. आज जाहिरात लावली की उद्या दुकानापुढे रांग हवी. परवा ते सांगणार की माझ्या साळ्याचा पोरगा हेच फुकटात करते, तुम्ही वेगळं काय करून राहिले?

पोटासाठी हे सगळं ऐकून घेतो. वहिनीचं प्रकरण मात्र वेगळं होतं.

दादाची कारखान्यातली नोकरी गेली, तेव्हा वहिनीने रामदासपेठेत एका मागच्या गल्लीत स्वयंपाकघर भाड्याने घेतलं आणि डबे सुरू केले. दादाने आधीच सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर बिऱ्हाड पुण्याला हलवायचं. तिथे त्याचा मित्र नोकरी लावून देणार होता. मोठी बॅग माळ्यावरून खाली आली आणि हॉलमध्ये पाहुण्यासारखी उभी राहिली. मला ते अजिबात नको होतं. नागपुरात माझ्याशी कडाकडा भांडून वर गरम पोळी वाढणारं ते एकच घर आहे.

"जाहिरात मी करतो, वहिनी," मी म्हटलं. "डोळे मिटून बसा."

डब्याचा झकास फोटो काढला, जाहिरात लावली आणि हौसेने घरच्या ग्रुपवर टाकली. बघा, आपल्या वहिनीची जाहिरात. इथेच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला पोचायच्या आत जाहिरातीसाठी ठेवलेले दिवसभराचे पैसे संपलेले. आमच्या धंद्यात कोणी जाहिरातीवर बोट लावलं की पैसे कटतात, मग तो डबा घेवो न घेवो. पैसे संपले की जाहिरात दिवसभर गायब. वहिनीला एकही फोन नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. बाजूच्या गल्लीतल्या डबेवाल्याचा हा डाव असणार, असं समजून मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग नीट तपासलं, तर सगळी बोटं पारशिवनी आणि खाप्याची. पारशिवनीला आमचे काका राहतात, खाप्याला आत्या.

काका शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना फोन लावला.

"काका, ती जाहिरात तुम्ही दाबता का?"

"रोज दाबतो. आंघोळ झाली, देवाले फूल वाहिलं, का पहिले तेच. सकाळची बोहनी घरच्यानं नाही करायची तं कोणं करायची गा? खाप्याच्या आत्यालेही सांगून ठेवलं. तिचं अख्खं भजनी मंडळ दाबून राहिलं."

मी डोक्याला हात लावला. त्यातून यंत्राचीही अक्कल बघा. जे दाबतात, तसेच लोक ते शोधत जातं. पारशिवनीचे म्हातारे वहिनीच्या डब्यावर फिदा आहेत अशी त्याची खात्री पटली, आणि त्याने त्या दोन तालुक्यांतल्या यच्चयावत म्हाताऱ्यांना वरण-भाताचा फोटो दाखवायचा सपाटा लावला. तिकडचा माणूस रामदासपेठेत डबा घ्यायला कशाला येईल?

संतापाच्या भरात मी ग्रुपवर लिहिलं, "कृपया घरच्यांनी जाहिरातीला हात लावू नये, नुकसान होत आहे." पाच मिनिटांत काकांनी ग्रुप सोडला. आमच्या घरात ग्रुप सोडणं म्हणजे सुतक पडल्यासारखंच. वहिनी म्हणाली, "डबे नाही खपले तं नाही खपले, भाऊजी. काकांले काहून दुखवलं?"

मी ऐकलं नाही. जुनी जाहिरात पुसून टाकली आणि नवी काढली. फक्त रामदासपेठ, फक्त ऑफिसात जाणारी तरुण मंडळी. तीन फोन आले. एकीला पोळी, भात आणि डाळ सोडून डबा हवा होता. दुसऱ्याला आमची शाखा काढायची होती. तिसरा मलाच जाहिरात कशी करावी हे शिकवायला निघाला होता.

चौथा फोन खाप्याहून आलेल्या माणसाचा. वडिलांना रामदासपेठेत दवाखान्यात भरती केलेलं. "तुमचा फोटो आला होता मोबाईलवर, ठेवून घेतला होता. बाबांले तिखट चालत नाही. बिनतिखटाचं वरण भेटन का?" दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डातून पारशिवनीच्या एका बाईंचा फोन. त्यांच्याही मोबाईलमध्ये तोच फोटो.

मी खुर्चीत मागे रेललो आणि स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. त्या तालुक्यांतलं माणूस आजारी पडलं की येतं कुठे? रामदासपेठेत. आणि त्याच्या उशाशी बसलेल्यांना घरच्यासारखं जेवण कोण देणार? रोज या दवाखान्यांसमोरून स्कूटर नेणारा मी, मला हे सुचू नये?

लगेच पारशिवनी आणि खापा पुन्हा जोडले. काही हललं नाही. जुनी जाहिरात पुसल्याबरोबर यंत्र शिकलेलं सगळं विसरलं होतं. त्याला पुन्हा शिकवायला काकांचंच बोट हवं होतं. दिवाळी तोंडावर आलेली, बॅग हॉलमध्ये तशीच. दादाने तिच्यात स्वेटरही भरले होते.

आता पुढचं आधीच सांगून टाकतो. ती बॅग आज माळ्यावर आहे आणि दादा दवाखान्यांत डबे पोचवतो. पण त्या रविवारी पारशिवनीला निघालो, तेव्हा यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

काका ओट्यावर पेपर वाचत बसले होते. काकूने पाणी दिलं, चहाचं कोणी विचारलं नाही. काकांनी पेपर खाली केला नाही.

"माह्या बोटानं नुकसान होते म्हणे," ते पेपराआडून म्हणाले.

"चुकलो, काका."

पेपराचं पान उलटलं गेलं.

मी मोबाईल काढला, नवी जाहिरात उघडली आणि त्यांच्यापुढे धरली. "काका, दाबा."

पेपर हळूच खाली आला. त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, फोटोतला डबा बराच वेळ पाहिला आणि मोबाईल बाजूला सारून उठले.

"थांब जरा," ते म्हणाले. "आंघोळ व्हायची आहे माही."