काढलं कोणी, भरलं कोणी

मालाडला एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. दुपारी डॉक्टर जेवायला घरी जातात, तेव्हा बाकावर एखादाच पेशंट गाल धरून बसलेला असतो. त्या वेळात मी आमच्या ग्रुपवर आलेल्या पोस्ट तपासते. ग्रुप क्रॉस स्टिचचा आहे. मॅटीच्या कापडावर चौकोन मोजत फुल्याफुल्यांचे टाके घालायचे आणि त्यातून मोर, घर, गणपती असं काहीतरी उभं करायचं, हे आमचं वेड. कोरोनात घरात बसून बसून डोकं फिरायला लागलं, तेव्हा मी आणि माझ्या एका कॉलेजातल्या मैत्रिणीने हा ग्रुप काढला. ती घाटकोपरला राहते, बोलायला एकदम रोखठोक. माझ्या हातून जी पोस्ट सुटते ती तिच्या हातून सुटत नाही.

आमचे नियम दोनच. ग्रुप फक्त बायकांचा. सुरुवातीला पुरुषही होते, पण दोघातिघांनी बायकांना खाजगीत नको ते मेसेज पाठवले आणि आम्ही दार लावून घेतलं. दुसरा नियम असा की फोटो टाकला की खाली नक्षी कोणाची ते लिहायचं. हा मैत्रिणीचा आग्रह. तिच्या आईने बुद्धविहारासाठी एक पिंपळपान स्वतः चौकटीच्या कागदावर काढून भरलं होतं. ते इतकं आवडलं की त्यांच्या वस्तीत घराघरात लागलं, पुढे कोणाकोणाच्या गावीही गेलं. आई गेली, आणि आता ते पान कोणी काढलं ते कोणालाच ठाऊक नाही.

पहिला नियम सगळ्यांना पटला. दुसऱ्याने डोक्याला ताप झाला. निम्म्या बायका लिहायच्या, ‘नक्षी: नेट’. मी पोस्ट अडवली की मेसेज यायचे. ‘अहो ताई, आपण काय विकतोय थोडंच?’ ‘सापडलं नाही तर काय टाकूच नको का?’ मैत्रीण मात्र ऐकायची नाही. खाली ठणकावून लिहायची, ‘नेटने कागद पेन्सिल घेऊन काढलं का गं?’

मुलुंडच्या एक काकू आमच्याकडे होत्या. त्यांचं काम सुबक आणि बोलणं कमी. एक दिवस त्यांनी आरे कॉलनीतला रस्ता टाकला. दोन्ही बाजूंना झाडं, मधून तबेल्याकडे निघालेल्या म्हशी, आणि त्या जाईपर्यंत थांबलेली एक लाल स्कूटर. स्कूटरवर पुढे पुरुष, मागे पदर खोचून बसलेली बाई. खाली लिहिलेलं, ‘नक्षी: स्वतःची’. ग्रुपमध्ये नुसता कल्ला झाला. आमच्याकडे तोवर बर्फातली घरं आणि टोपलीतली मांजरं यांचाच पूर आलेला. आपल्या ओळखीचा रस्ता कोणी भरला नव्हता. काकूंनी मागेल तिला चौकोनांवर मांडलेला नक्षीचा चार्ट पाठवला, आणि पुढे कितीतरी घरांत त्या म्हशी भरल्या गेल्या.

मग एका शनिवारी एकीने बोरिवलीच्या प्रदर्शनातून फोटो पाठवला. स्टॉलवर पाकिटं लावलेली. आत कापड, धागे, सुई आणि तोच आरेचा रस्ता. खाली छापलेलं नाव मात्र स्टॉलवाल्या बाईचं. ग्रुपवर सगळ्या पेटल्या. मी काकूंना फोन लावला.

‘काकू, तुमच्याकडे मूळ कागद आहेत ना? उद्या आम्ही तिथे जाऊन बोलतो.’

काकू म्हणाल्या, ‘आहेत. पण आधी घरी याल का? फोनवर नको.’

रविवारी सकाळी मी मालाडहून आणि मैत्रीण घाटकोपरहून, अशा दोघी त्यांच्याकडे पोचलो. जुन्या सोसायटीतलं स्वच्छ घर. खिडकीतून मागचा डोंगर दिसत होता. काकांनी दार उघडलं, ‘या, या’ म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले. काकू गुडघ्यांमुळे हळू चालत होत्या. त्यांनी पोहे आणले आणि कपाटावरची कागदांची गुंडाळी खाली काढायला मला सांगितली. चौकटीचे मोठे कागद, त्यावर पेन्सिलीने बारीक खुणा, खोडाखोड, रंगांचे नंबर. बघूनच समाधान वाटलं.

मैत्रीण एका म्हशीवर बोट ठेवून म्हणाली, ‘काकू, हे मला कधीच जमलं नाही. पाठीवर एकाच चौकोनात दोन नंबर दिलेत. अर्धी फुली काळी आणि अर्धी राखाडी घालायची का?’

काकूंनी कागद जवळ घेतला, लांब धरला. ‘ते... मी काळाच घातला होता बहुतेक.’

‘अगं नाही!’ आतून काकांचा आवाज आला. ‘धाग्याचा एक पदर काळा आणि एक राखाडी, सुईत एकत्र ओवायचे. त्याशिवाय पाण्यातून आलेली म्हैस दिसत नाही.’

काकूंनी चष्मा काढला.

‘झालं,’ त्या म्हणाल्या. ‘या आता बाहेर.’

काका आले, खुर्चीच्या कडेवर बसले. काकू आम्हाला म्हणाल्या, ‘काढतात हे. मी नुसती भरते. तुमचा ग्रुप बायकांचा, यांचं नाव लिहिलं तर मला काढून टाकाल म्हणून स्वतःची म्हणून लिहिलं. तुमचा एक नियम पाळायला गेले तर दुसरा मोडत होता, मी तरी काय करू? पण तुम्ही सगळ्या माझी वाहवा करता आणि हे माझ्या फोनवर ते सगळं वाचत बसतात. मला घास गोड लागत नाही.’

काका भांडुपला एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. मशिनच्या भागांची ड्रॉइंग हाताने काढायची, हेच त्यांचं आयुष्य. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं. तेही ते शिकले, पण हात मोकळे राहायला लागले. रिटायर झाल्यावर काकूंची ती बर्फातली घरं बघून एकदा म्हणाले, ‘किती भरशील? आपण कधी बर्फ बघितलाय का?’ आणि आरेचा रस्ता काढायला बसले.

‘आरेच का?’ मी विचारलं.

काका खिडकीबाहेर बघायला लागले. काकूंनीच सांगितलं. लग्न झालं तेव्हा एका खोलीत सासू, सासरे, दीर, सगळे. सासरे गिरणीतून घरी बसलेले, त्यामुळे ते दिवसभर घरातच. नवराबायकोला एक शब्द बोलायची सोय नव्हती. रविवारी हे स्कूटर काढायचे आणि दोघं आरेत जायचे. ‘म्हशी आडव्या आल्या की स्कूटर बंद करून थांबायला लागायचं. मला वाटायचं, अजून येऊ देत. तेवढंच बोलणं व्हायचं आमचं.’

‘काका, मग नाव लावू या ना तुमचं,’ मी म्हणाले.

‘छे, छे. नाव कशाला? हिचंच असू दे. सोसायटीत कळलं तर म्हणतील, म्हातारा बायकांचं भरतकाम करत बसला.’

काकू चिडल्या. ‘कंपनीत ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकट असायची ना? काढलं कोणी, तपासलं कोणी? तिथे सही केल्याशिवाय कागद टेबलावरून हलू देत नव्हतात. स्वतः सांगत होतात मला. मग इथे काय झालं?’

आम्ही बोरिवलीला निघालो तेव्हा काका पायात चपला घालून म्हणाले, ‘मीपण येतो.’

जिन्यात मैत्रिणीने माझा दंड धरला. ‘हे बघ, काका चांगले आहेत, सगळं मान्य. पण पुरुष ग्रुपात घ्यायचा नाही हं. आज हे, उद्या कोणीपण बायकोच्या नावाने घुसेल.’

‘घ्यायचं कोण म्हणतंय? नाव लिहायचंय फक्त.’

‘आणि इतके दिवस तेच वाचत होते सगळं, त्याचं काय? बायका तिथे घरातलं कायकाय लिहितात.’

ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणूनच मला जास्त राग आला. रिक्षात काकांना मध्ये घेऊन आम्ही दोघी दोन टोकांना बसलो. काका पुढे वाकून ड्रायव्हरला रस्ता सांगत होते, तो त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असूनही.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टॉलवाली बाई आमच्याहून तरुण, सकाळपासून उभी राहून थकलेली. मैत्रिणीने पाकीट उचलून सरळ विचारलं, ‘ही नक्षी तुमची?’

‘आमचीच.’

‘तुमची म्हणजे कोणी काढली?’

बाई गडबडली. ‘अहो, मला फॉरवर्ड आला होता. फुकटच फिरतोय सगळीकडे. त्यावर काही नाव नव्हतं.’

‘म्हणून तुमचं टाकलंत?’

मी सगळं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी मैत्रिणीच्या हातातलं पाकीट घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांजवळ धरलं.

‘ही शिंगं कोणी काढली?’ ते म्हणाले.

‘मी,’ बाई हळूच म्हणाली. ‘एका कागदाच्या फोटोची कड कापली गेली होती. अंदाजाने काढली.’

‘ही बैलाची झाली. म्हशीचं शिंग मागे वळतं, असं.’ त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथल्याच एका कोऱ्या कागदावर चौकोन पाडून दाखवायला लागले. बाईही वाकून बघायला लागली. ‘अच्छा, म्हणजे एक घर सोडून खाली यायचं?’ ‘हां, आता बरोबर.’ मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

मैत्रिणीचा पारा चढला. ‘काका, तुम्ही भांडायला आलाय की शिकवणी घ्यायला?’

काका थांबले. पाकीट पुन्हा उलटून खालचं छापलेलं नाव त्यांनी वाचलं. त्याच्यावरून बोट फिरवलं. घरात नाव नको म्हणणारा तो माणूस बघता बघता लाल झाला.

‘ही मागे बसलीय ना, ती माझी बायको आहे,’ ते म्हणाले. ‘शिंगं दुरुस्त करा, आणि हे नाव काढा. आमची नावं घाला. काढलं माझं, भरलं तिचं. दोघांची पूर्ण नावं.’

बाईने बाजूच्या मुलीला गिऱ्हाइकांकडे बघायला सांगितलं, आणि म्हशींची सगळी पाकिटं गोळा करून टेबलाखालच्या खोक्यात टाकली. ‘सॉरी काका,’ म्हणाली. ‘मला खरंच वाटलं, हे कोणाचंच नाही.’

परतताना काकांनी काकूंना फोन लावला. जोरजोरात बोलत होते, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं. ‘हो, सांगितलं. हो, पूर्ण नावं. अगं, रागावलो नाही, नीट सांगितलं.’

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसून मी पोस्ट लिहायला घेतली, तर मैत्रिणीने ती आधीच टाकलेली. काकूंनी अडचणीपोटी चुकीचं लिहिलं होतं हे सरळ सांगितलं, काकांचं नाव दिलं, आणि खाली लिहिलं की ग्रुप बायकांचाच राहील, पण यापुढे दोन ओळी हव्यात: काढलं कोणी, भरलं कोणी. जो कोणी काढेल त्याचं नाव येईल, तो ग्रुपात असो नसो. मला फोन करून म्हणाली, ‘बघून घे. जास्त कडक वाटतंय का?’ मी म्हटलं, ‘झकास आहे.’ तेवढ्यावर आमचं भांडण मिटलं.

दोघी जणी ग्रुप सोडून गेल्या. त्यांना फसवल्यासारखं वाटलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही. काकांनी काकूंचा फोन बघायचं बंद केलं. काकू आता त्यांना फक्त चार्टबद्दलच्या शंका वाचून दाखवतात. आणि एक गंमत झाली. एकीने लिहिलं, ‘माझे रंग मिस्टर निवडतात, मला निळा हिरवा कळत नाही.’ दुसरीने लिहिलं, ‘माझे चौकोन सासूबाई मोजतात.’ आठवडाभर हेच चाललं होतं. माझी बोटं दुखायला लागली पोस्ट सोडून सोडून.

स्टॉलवालीने काकांचं ऐकलं. तिची नवी पाकिटं आली, त्यावर दोघांची नावं आहेत. पण फॉरवर्ड झालेला तो कापलेला चार्ट अजून फिरतोच आहे. मागे मालाडच्या बाजारात एका दुकानात उशीच्या अभ्र्यावर मला त्याच म्हशी दिसल्या, स्कूटर गायब. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, माल सुरतेहून येतो.’ त्याला काय सांगणार? काकूंना फोटो पाठवला. त्यांचा उलट मेसेज आला, ‘यांना दाखवत नाही. बीपी वाढेल.’

सध्या काका खारदांड्याच्या होड्या काढताहेत. काकूंनी पहिला कागद परत दिला. म्हणाल्या, एवढा निळा समुद्र भरून भरून माझे डोळे जातील, किनारा वाढवा. मग काकांनी समुद्र कमी करून वाळत घातलेले बोंबील काढलेत. काकूंचं म्हणणं, बोंबील जरा जास्तच झालेत. काल दुपारी दोघांनी दवाखान्यात फोन करून माझं मत विचारलं. समोर दाढ काढायला आलेला माणूस बसला होता. मी म्हटलं, कागदाचा फोटो पाठवा, संध्याकाळी बघून सांगते.